‘सवय लागेल’ म्हणजे नक्की काय? पाच वाक्यांच्या एका पत्राचं उशिरा केलेलं वाचन



मागच्या वेळी आपण पेपर कसे शोधायचे ते बघितलं. आज शोधायचं काही नाही. एकच मजकूर वाचायचा आहे आणि तोही फक्त पाच वाक्यांचा. वाचायला दोन मिनिटं पुरतात. मला मात्र तो नीट वाचायला जवळपास दीड वर्ष लागलं, कारण मी तो चुकीच्या कारणासाठी उघडला होता. मला माहिती नको होती, धीर हवा होता.

पेट-नेट देऊन तुमच्यापैकी बरेच जण संशोधनात येणार आहात. इथे आल्यावर कधी ना कधी तुम्हीही असाच धीर शोधत पेपर उघडाल. म्हणून हे सगळं सविस्तर सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझी पाळी अकरावीपासूनच त्रासाची. तेव्हापासून मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि डायसायक्लोमिनची गोळी ठरलेली. पीएचडीच्या पहिल्या वर्षी ती पुरेनाशी झाली. उलट्या व्हायच्या, पाय बधिर व्हायचे. एकदा तर कोल्ड रूमच्या दारातच खाली बसले आणि ज्युनिअरने हात धरून खोलीवर सोडलं. एका छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी लिहून दिली. आराम पडला. खरं सांगायचं तर आरामाच्या पुढचंही काहीतरी झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाळीच्या दुसऱ्या दिवशी मला शांत वाटलं.

पुढच्या महिन्यात मी तोच जुना कागद मेडिकलमध्ये दाखवला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. दिवसाला एकाच्या दोन गोळ्या झाल्या, दोन दिवसांचे तीन झाले. आणि मग प्रोग्रेस सेमिनारच्या आदल्या रात्री, काहीच दुखत नसताना, ‘उद्या दुखलं तर?’ म्हणून मी एक गोळी घेतली. घेतल्यावर डबा हातात धरून बसून राहिले. आई मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या काळापासून म्हणत आली होती, “गोळ्यांची सवय लागेल हं.” इतकी वर्षं ऐकून ऐकून मी ते ऐकणंच सोडलं होतं.

त्या रात्री मी जे केलं ते कुठलाही रिसर्च स्कॉलर करेल. लॅपटॉप उघडला.

पत्र काय म्हणतं?

शोधत शोधत मी १० जानेवारी १९८० च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’पर्यंत पोचले. त्यात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं संपादकांना लिहिलेलं एक पत्र आहे. लक्षात घ्या, पेपर नाही, पत्र. त्याचं शीर्षक सांगतं की नार्कोटिक औषधं दिलेल्या रुग्णांमध्ये व्यसन दुर्मीळ असतं. बोस्टनच्या एका औषध-देखरेख प्रकल्पात रुग्णालयात दाखल झालेल्या ३९,९४६ जणांच्या नोंदी होत्या. त्यातल्या ११,८८२ जणांना किमान एकदा नार्कोटिक औषध दिलं गेलं. आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी फक्त ४ जणांत व्यसनाची बऱ्यापैकी पक्की नोंद सापडली.

भागाकार मी लगेच केला. ११,८८२ पैकी ४, म्हणजे ०.०३ टक्के. तीन हजारांत एक. मी लॅपटॉप मिटला आणि झोपले. पुढचे कित्येक महिने डब्याकडे बघून थोडं जरी अस्वस्थ वाटलं की मी तो आकडा मनात म्हणायचे.

आता मी इथे काय चूक केली ते बघू.

चार प्रश्न

कुठलाही टक्का समोर आला की चार प्रश्न विचारायचे: कोण होते, कुठे होते, किती दिवस बघितलं आणि नक्की काय मोजलं. मेथड्स वाचायच्या म्हणजे तरी दुसरं काय करायचं असतं?

कोण होते आणि कुठे होते? रुग्णालयात दाखल झालेले लोक. तिथे गोळी नर्सच्या ट्रेमधून येते. किती द्यायची, कधी द्यायची, कधी थांबवायची हे दुसरं कुणीतरी ठरवतं. रुग्णाच्या उशाशी पूर्ण स्ट्रिप नसते. माझ्या हॉस्टेलच्या खोलीत नर्स मी, रुग्ण मी आणि जुना कागद दाखवून औषध आणणारीही मीच. म्हणजे त्या ११,८८२ जणांत माझ्यासारखी कुणी नव्हतीच.

किती दिवस बघितलं? पत्रात कालावधीच नाही. किमान एक डोस मिळालेला प्रत्येक जण छेदात मोजलेला आहे. एकच इंजेक्शन घेऊन घरी गेलेला माणूसही त्यात आहे. आणि घरी गेल्यावर त्याचं काय झालं याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.

काय मोजलं? रुग्णाच्या नोंदीत कुणीतरी लिहिलेलं व्यसन. प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारून, ठरलेल्या निकषांवर तपासलंय असं पत्र सांगत नाही. जे मुद्दाम शोधलं नाही ते सापडलं नाही, याचा अर्थ ते नव्हतंच असा होत नाही.

यात लेखकांवर फार राग धरण्याचं कारण नाही. हाताशी असलेल्या डेटाबद्दल त्यांनी एक छोटी नोंद दिली आणि पत्राला पत्रच ठेवलं. जिक यांनी पुढे २०१७ मध्ये पत्रकारांशी बोलताना, त्या पत्राचा जसा वापर झाला त्याबद्दल खेदही व्यक्त केला. शीर्षक मात्र घसरलेलं आहे. ‘रुग्णालयात दाखल असलेल्या’ हे शब्द त्यात नाहीत आणि पुढे जे रामायण घडलं त्यात या गळलेल्या शब्दांचा मोठा वाटा आहे.

पुढे काय झालं?

२०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्याच जर्नलमध्ये या पत्राच्या सायटेशन्सचा हिशोब मांडला. त्यांना ६०८ सायटेशन्स सापडल्या. त्यातल्या ४३९ जणांनी, म्हणजे ७२ टक्क्यांनी, हे पत्र ‘ओपिऑइडने व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. आणि ४९१ जणांनी, म्हणजे जवळपास ८१ टक्क्यांनी, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर दीर्घकाळ काम करणारं ऑक्सिकोडोन अमेरिकी बाजारात आलं आणि त्यानंतर या सायटेशन्स वाढल्या. व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ मध्ये ते विकणाऱ्या कंपनीने अमेरिकी न्यायालयात कबूल केला. जर्नलने आता मूळ पत्राच्या वरच वाचकांना सावध करणारी टीप लावली आहे.

त्या ६०८ पैकी किती जणांनी मूळ पत्र उघडून बघितलं असेल? पाच वाक्यं होती हो! पण दुसऱ्याच्या संदर्भयादीतून ओळ उचलणं सोपं असतं. मी तर मूळ पत्र उघडूनही तेच केलं. मला हवा होता तेवढा आकडा घेतला आणि बाकीची वाक्यं तिथेच सोडली. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना ही चूक तुमच्या हातून होणार, हे आत्ताच लक्षात ठेवा.

मग उलटा आकडा खरा का?

हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. घाबरल्यावर माणूस घाबरवणारे पेपर शोधतो. २०१७ मध्येच अमेरिकेच्या सीडीसीने आपल्या साप्ताहिकात सुमारे १३ लाख रुग्णांच्या प्रिस्क्रिप्शनचं विश्लेषण छापलं. हे सगळे कॅन्सर नसलेले आणि पहिल्यांदाच ओपिऑइड घेणारे लोक होते. किमान एका दिवसाचं औषध मिळालेल्यांपैकी वर्षानंतरही ते घेत असण्याची शक्यता ६ टक्के. पहिल्यांदाच आठ किंवा जास्त दिवसांचं मिळालं असेल तर १३.५ टक्के. एकतीस किंवा जास्त दिवसांचं असेल तर जवळपास ३० टक्के.

मी माझे दिवस मोजले. महिन्याला तीन दिवस, वर्षाला तेरा पाळ्या, म्हणजे एकोणचाळीस दिवस. ‘तीस टक्के!’ म्हणून पोटात गोळा आला.

आता तुम्ही सांगा, इथे काय चुकलं? तेच चार प्रश्न लावा. त्या अभ्यासात पहिल्या खेपेला सलग मिळालेल्या औषधाचे दिवस मोजलेत. मी वर्षभर विखुरलेल्या दिवसांची बेरीज केली. शिवाय तिथे मोजलंय ते ‘वापर चालू राहणं’. पाठ अजून दुखतेय म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळी घेणारा माणूस आणि गोळीशिवाय राहू न शकणारा माणूस, दोघंही त्या टक्क्यात एकत्र बसलेत. ज्याला मोठ्या आजारामुळे जास्त दिवसांचं औषध लिहिलं गेलं, त्याचं दुखणंही जास्त दिवस चालणार, हा गोंधळही आहेच. पहिल्या पत्राने व्यसन शोधलंच नाही. दुसऱ्या अभ्यासाने वापर मोजला आणि मी त्याला व्यसन म्हणून वाचलं. दर महिन्याला तीन दिवस औषध घेणाऱ्या बाईला हे दोन्ही आकडे लागू होत नाहीत.

‘सवय’ या शब्दाची अडचण

इथे मला आईचा शब्द आठवला. ‘सवय लागेल’ हे आपण मराठीत तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतो.

एक, तेवढ्याच मात्रेने पूर्वीइतका परिणाम न होणं. दोन, शरीराने औषध गृहीत धरणं, म्हणजे अचानक थांबवलं की घाम, जुलाब, अस्वस्थपणा, झोप उडणं. याला आपण अवलंबित्व म्हणू. तीन, व्यसन: नुकसान दिसत असूनही थांबवता न येणं, ठरवल्यापेक्षा जास्त घेतलं जाणं, मन सतत त्यातच अडकणं. पहिल्या दोन गोष्टी तिसरीशिवाय होऊ शकतात. म्हणूनच २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये ओपिऑइडच्या अकरा निकषांपैकी या दोन गोष्टींचे निकष, डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांसाठी धरत नाहीत.

हे वाचून मला पुन्हा हायसं वाटलं आणि पुन्हा एकदा थांबावं लागलं. डॉक्टरच्या देखरेखीखाली? पाच दिवसांसाठी लिहिलेला, वर्षभर जुना कागद म्हणजे देखरेख नव्हे. आणि ‘ठरवल्यापेक्षा जास्त’ हा निकष मला सरळ लागू होत होता. त्यात दुखत नसताना घेतलेली ती एक गोळी. तीत व्यसन होतं असं मी म्हणत नाही, पण ती दुखण्यासाठी नव्हती. भीतीसाठी होती.

याच शब्दाची दुसरी बाजूही बघा. माझी रूममेट ‘सवय लागेल’ म्हणून आयबुप्रोफेनसुद्धा घ्यायची नाही. गरम पाण्याची पिशवी पोटावर धरून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, प्रॅक्टिकल बुडवायची. तिच्या गोळीने व्यसन लागत नाही. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड यांचे धोके वेगळे आहेत: जठरात व्रण, मूत्रपिंडावर ताण. मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे क्वचित होणाऱ्या ‘ड्रेस’ नावाच्या गंभीर रिअ‍ॅक्शनबद्दल २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने सूचनाही काढली होती. हे धोके माहीत हवेत, पण त्यांचं नाव सवय नाही. त्या एका शब्दाने ती विनाकारण घाबरली आणि मी, जिला थोडं घाबरायला हवं होतं, बेफिकीर राहिले.

आपल्याकडे हा गोंधळ जुना आहे. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन हे ओपिऑइड डायसायक्लोमिनबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये मिळायचं आणि पोटातल्या कळांसाठी, पाळीच्या दुखण्यासाठीही, घरोघरी वापरलं जायचं. त्याच काळात मिझोराम-नागालँडमध्ये तीच कॅप्सूल फोडून शिरेत टोचून घेणाऱ्यांचे हाल होत होते. २०१३ मध्ये सरकारने डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीनवर बंदी आणली. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आलं. पण वापरणाऱ्याला ती ‘पोटदुखीची गोळी’च असते. म्हणून एक साधं काम करा. स्ट्रिप उलटी करा आणि घटक वाचा.

मूळ प्रश्नच वेगळा होता

आता ज्या प्रश्नापासून मी सुरुवात करायला हवी होती, तो. पहिली गोळी पुरत का नव्हती?

पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन उतरतं, गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, स्नायू आवळले जातात, रक्तपुरवठा कमी होतो आणि कळ येते. आयबुप्रोफेनच्या वर्गातली औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच अडवतात. म्हणून ती कळा टिपेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेली बरी. ट्रॅमाडॉल यातलं काही करत नाही. ते मेंदू आणि मज्जारज्जूत वेदनेचा निरोप दाबतं. तेही प्रत्येकात सारखं नाही, कारण त्याचा ओपिऑइडसारखा परिणाम मुख्यतः यकृतातल्या सीवायपी२डी६ या एन्झाइमने बनवलेल्या पदार्थातून येतो आणि हे एन्झाइम माणसागणिक कमीजास्त असतं. शिवाय ते सेरोटोनिनवरही काम करतं, त्यामुळे नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर धोक्याचं ठरू शकतं. थोडक्यात, ट्रॅमाडॉल ही मेफेनॅमिक अ‍ॅसिडची ‘वरची पायरी’ नाही. तो वेगळाच जिना आहे.

२०१५ चा कॉक्रेन रिव्ह्यू इथे बघण्यासारखा आहे. ८० चाचण्या, ५,८२० स्त्रिया. खोट्या गोळीने १८ टक्के जणींना चांगला आराम पडत असेल, तर या वर्गातल्या औषधांनी ४५ ते ५३ टक्के जणींना पडतो. औषध चालतं, यात शंका नाही. पण टीकाकाराच्या नजरेने वाचा. ५९ टक्के अभ्यासांना व्यापारी पैसा होता आणि आणखी ३१ टक्क्यांनी पैसा कुणाचा ते सांगितलंच नाही. आणि मुख्य म्हणजे जवळपास निम्म्या जणींना पुरेसा आराम पडला नाही. त्यांचं पुढे काय? शिवाय या चाचण्या ‘प्रायमरी’ वेदनेच्या आहेत, म्हणजे जिच्यामागे दुसरा आजार नाही असं धरलेलं आहे. माझ्याबाबतीत हे धरलं कुणी होतं? कुणीच तपासलं नव्हतं. मीही नाही.

शेवटी मी दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. जाताना तीन महिन्यांची वही नेली: तारीख, किती दुखलं, कुठली गोळी, किती वाजता, दुखत असताना की आधी. ती शेवटची रकाना लिहिताना लाज वाटली, पण लिहिली. मॅडमनी वही पूर्ण वाचली आणि रागावल्या नाहीत. विचारलं, “संडासला जाताना दुखतं का? पाळी नसतानाही ओटीपोटात दुखतं का?” दोन्हीला हो. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट निघाली. एंडोमेट्रिओसिस.

आता हार्मोनची रोजची गोळी चालू आहे. काही महिने बरे जातात, काही नाही. ट्रॅमाडॉल बंद आहे. मी ते सलग रोज घेत नव्हते, तरी ते डॉक्टरांना सांगून, त्यांच्या सल्ल्यानेच थांबवलं. रोज घेत असाल तर आपल्या मनाने एकदम थांबवू नका. आणि उद्या शस्त्रक्रिया करावी लागली आणि तिथे ओपिऑइड दिलं, तर मी ते घेईन. त्या दिवशी मी खरोखरच ट्रेमधून गोळी मिळणारी रुग्ण असेन.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे: ०.०३ टक्के मनात म्हणत घालवलेल्या त्या महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही की इतकं दुखतंय तर का दुखतंय. आकडा चुकीचा होता म्हणून नव्हे. आकडा बरोबरच होता, फक्त तो दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नाचं उत्तर होता.

तुमच्यासाठी काम

तुमच्या विषयातलं असं एक वाक्य निवडा जे सगळे पेपर प्रस्तावनेत लिहितात आणि ज्यात एक टक्का आहे. संदर्भामागून संदर्भ काढत मूळ मजकुरापर्यंत जा. कोण, कुठे, किती दिवस, काय मोजलं, ही चार उत्तरं एका कागदावर लिहा. मग पाचवा प्रश्न स्वतःला विचारा: हा आकडा मला इतका आवडला का?

आणि दर महिन्याला गोळी घेऊनही उभं राहता येत नसेल, तर पेपर नंतर वाचा. आधी वही घेऊन डॉक्टरकडे जा.